न्यूरोस्टेरॉईड: गावावरून पडलेलं आडनाव

स्टेरॉईड हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे माणसं आधी दचकतात आणि मग विचारतात. दम्याचा पंप असो, चट्ट्यांवरची क्रीम असो, गुडघ्यात द्यायचं इंजेक्शन असो, "डॉक्टर, ह्यात स्टेरॉईड तर नाही ना?" हे ठरलेलं. आणि त्यांचं चुकतं असंही नाही, कारण कुणालाही न विचारता महिनोनमहिने क्रीम चोपडून चेहरा बिघडवून घेतलेली माणसं आणि जिममध्ये कुणीतरी दिलेली इंजेक्शनं टोचून घेतलेली पोरं आपण सगळ्यांनीच पाहिलीत. पण त्यामुळे झालंय काय, की हा शब्द म्हणजे एक औषध आणि तेही घातकच, असं डोक्यात पक्कं बसलंय. मी फार्मसीच्या मुलांना शिकवते. दरवर्षी हा धडा सुरू करताना विचारते की स्टेरॉईड म्हणजे काय, तर उत्तरं येतात बॉडी, सूज, साइड इफेक्ट. मॅडम, माझ्या डोक्यात आत्ता आहे की, असं कुणीच म्हणत नाही.

आणि आहे. तुम्ही हे वाचताय त्या क्षणी तुमच्या मेंदूत प्रेग्नेनोलोन आहे, डीएचईए आहे, ॲलोप्रेग्नॅनोलोन आहे, ही सगळी मंडळी स्टेरॉईड घराण्यातली, आणि झोप, धास्ती, फिट येणं, बाळंतपणानंतरचं मन अशा कितीतरी गोष्टींशी त्यांचा संबंध लागलाय. १९८१ साली त्यांना वेगळं नाव मिळालं, न्यूरोस्टेरॉईड. मग ११ वर्षांनी दुसऱ्या दोघांनी दुसरं नाव पुढे आणलं, न्यूरोॲक्टिव्ह स्टेरॉईड. परीक्षेत मुलं दोन्ही एकच समजून लिहितात, बऱ्याच पुस्तकांतही ती सरमिसळ वापरलेली असतात. मला मात्र या दोन नावांतला फरक खूप महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्या नावाने एक असा प्रश्न विचारायला लावला जो त्याआधी फारसा कुणी विचारतच नव्हतं.

आपल्याकडे आडनावं कशी पडतात बघा. सातारकर, चिपळूणकर, नागपुरे ही गावावरून पडलेली, आणि सोनार, कुलकर्णी, जोशी ही कामावरून पडलेली. न्यूरोस्टेरॉईड हे गावावरून पडलेलं आडनाव आहे, म्हणजे जे मेंदूत किंवा चेतासंस्थेत तयार होतं ते. न्यूरोॲक्टिव्ह स्टेरॉईड हे कामावरून पडलेलं, म्हणजे तयार कुठेही होवो, अगदी कारखान्यात होवो, पण मेंदूच्या पेशींवर काम करतं ते. एकच रेणू दोन्ही नावं लावू शकतो, पण दरवेळी लावेलच असं नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

आधी शेपटाकडून सुरुवात करते, स्टेरॉईडपासून. हा शब्द जन्माला आला पित्ताशयातल्या खड्यांमधून. हो, तेच खडे, ज्यांची ऑपरेशनं आपल्या नात्यात कुणा ना कुणाची झालेली असतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल याने १८१५ च्या सुमाराला या खड्यांतल्या मेणचट पांढऱ्या पदार्थाला कोलेस्टेरीन म्हटलं, ग्रीक भाषेत खोले म्हणजे पित्त आणि स्टेरेओस म्हणजे घट्ट, टणक. घट्ट झालेलं पित्त, इतकं साधं. (हा शेव्ह्रल १०२ वर्षं जगला, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधी जन्मला आणि आयफेल टॉवर उभा राहिला त्या वर्षी गेला, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.) पुढे १८५९ मध्ये बर्थेलोने दाखवलं की हा पदार्थ रसायनाच्या हिशोबात अल्कोहोल आहे, म्हणून शेवटी ओल लागलं आणि कोलेस्टेरॉल झालं.

त्या खोले शब्दाचं मूळ शोधत मागे गेलं तर ते पिवळ्या-हिरव्या रंगाच्या एका फार जुन्या धातूपर्यंत पोचतं, आणि त्याच धातूतून संस्कृतातला हरि, म्हणजे पिवळसर, आणि हिरण्य, म्हणजे सोनं, हे शब्द आलेत. हरिपासून हरिद्रा, आणि हरिद्रेची झाली आपली हळद. म्हणजे रिपोर्टवर लाल अक्षरात छापून येणारं कोलेस्टेरॉल आणि फोडणीतली हळद ही शब्दांच्या नात्याने लांबची चुलत भावंडं. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात.

पुढच्या शंभर वर्षांत काय झालं, तर झाडांत, बुरशीत, प्राण्यांत असेच पदार्थ सापडत गेले आणि त्यांची नावं ठेवताना लोकांनी कोलेस्टेरॉलचं पुढचं पित्त कापून टाकलं आणि नुसतं स्टेरॉल ठेवलं. पण या सगळ्यांचा आतला सांगाडा नेमका कसा आहे ते काही केल्या ठरेना. वीलांड आणि विंडाउस या दोन जर्मन शास्त्रज्ञांना याच कामासाठी १९२७ आणि १९२८ ची नोबेलं मिळाली, आणि तरी त्यांनी मांडलेली रचना बरोबर नव्हती! १९३२ मध्ये बर्नालच्या क्ष-किरणांच्या मोजमापांनी ती बसेना, आणि त्याच वर्षी चार कड्यांचा खरा सांगाडा पुढे आला, तीन षटकोन आणि एक पंचकोन एकमेकांना चिकटलेले. एकदा सांगाडा हातात आल्यावर लक्षात आलं की एकमेकांशी काही घेणंदेणं नाही असं वाटणारे पदार्थ मुळात एकाच घरातले आहेत, कोलेस्टेरॉल, पित्तातली आम्लं, स्त्री-पुरुषांची लैंगिक हार्मोन्स, आणि हृदय बंद पाडणारी काही झाडांची विषं. आपल्या कुंपणाला, देवळाच्या आवारात जी कण्हेर असते ना, तिचं विषही याच चार कड्यांचं. मग या सगळ्यांना मिळून एक नाव हवंच होतं, आणि ते १९३६ मध्ये इंग्लंडात कॅलो आणि यंग या दोघांनी सुचवलं, स्टेरॉईड. स्टेरॉलसारख्या रूपाचं ते. शेवटचं ऑईड हे ग्रीक एइदोसवरून, म्हणजे रूप, आकार, आणि ते बघणं-जाणणं या अर्थाच्या ज्या धातूतून आलंय त्यातूनच आपलं विद् आणि वेद.

म्हणजे स्टेरॉईड या शब्दात औषध, गुण, दोष, साइड इफेक्ट यातलं काहीही नाही, फक्त आकार आहे. दम्यावरचं स्टेरॉईड, बॉडीबिल्डरचं स्टेरॉईड आणि गर्भाशयाला जपणारं प्रोजेस्टेरोन यांची कामं एकमेकांपासून कोसो दूर, सांगाडा तेवढा सारखा. घरात कुणी स्टेरॉईड म्हणून घाबरलं तर मी आधी हेच विचारते, की कोणतं?

आता पुढचा अर्धा शब्द, न्यूरो. ग्रीक न्यूरॉन हा शब्द मुळात मज्जातंतूंचा नव्हताच, त्याचा अर्थ शीर, स्नायुबंध, धनुष्याची दोरी असा होता, शरीरात जे जे दोरीसारखं ताणलेलं दिसतं ते. मेंदूकडून निघणाऱ्या दोऱ्या वेगळ्या आणि हाडांना बांधणाऱ्या दोऱ्या वेगळ्या, ही फोड अलेक्झांड्रियातल्या हेरोफिलसने इसवी सनाआधी तिसऱ्या शतकात केली. पेशीला न्यूरॉन म्हणायला लागले ते तर फारच अलीकडे, १८९१ मध्ये, बर्लिनच्या वाल्डायरने. आणि या न्यूरॉनचं संस्कृतातलं सख्खं भावंड म्हणजे स्नावन्, स्नायु. सुश्रुतसंहितेत शरीरात ९०० स्नायू सांगितलेत ते बांधणाऱ्या दोऱ्या या अर्थानेच. पुढे बंगालीत आणि हिंदीत तोच स्नायु मज्जातंतूकडे गेला, आणि मराठीत मात्र तो मांसपेशीकडे वळला, म्हणून आपले स्नायू जिममध्ये दुखतात आणि बंगाली माणसाचे स्नायु टेन्शनने थकतात.

असे हे दोन तुकडे, एक घट्ट आणि एक ताणलेला, वेगवेगळ्या वाटांनी चालले होते. तसा कोलेस्टेरॉल आणि मेंदूचा संबंध लोकांना माहीत नव्हता असं नाही, १८३४ मध्येच कुएर्ब नावाच्या फ्रेंच माणसाने मेंदूत कोलेस्टेरॉल असल्याचं लिहून ठेवलं होतं. आज आपल्याला कळलंय की मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी पाचवा ते चौथा हिस्सा एकट्या मेंदूत असतो, आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल तिथे सहसा शिरत नाही, मेंदू त्याचं त्याचं बनवतो. पण इतका कच्चा माल तिथे पडलाय तर त्यातून मेंदू काय काय करतो, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. कारण शिकवणूक अशी होती की स्टेरॉईड हार्मोन्स बनतात ॲड्रिनल ग्रंथीत, बीजांडकोशात, वृषणात, गरोदरपणी वारेत, आणि मेंदू त्यांचा फक्त गिऱ्हाईक, रक्तातून येईल ते घेणारा.

१९४१ मध्ये एक सूचना मिळाली होती खरं तर. मॉन्ट्रियलमध्ये हान्स सेल्ये, ज्याने पुढे स्ट्रेस हा शब्द जगभर पोचवला, त्याने उंदरांच्या पोटात प्रोजेस्टेरोन आणि तशीच काही स्टेरॉईड टोचली आणि उंदीर झोपले. नुसती झोप नाही, भूल दिल्यासारखी गाढ, आणि मग उठून परत नीट. हार्मोनचं काम म्हणजे जनुकांमार्फत, सावकाश, तासन्‌तास चालणारं, हे चित्र पुढे पक्कं झालं, आणि त्या चित्रात ही झटपट झोप बसेना. पण भूलशास्त्रवाल्यांनी तिचा उपयोग करून घेतला. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये अल्थेसिन नावाचं इंजेक्शन आलं, त्यात अल्फाक्सॅलोन हे स्टेरॉईड, माणूस पटकन झोपायचा आणि पटकन शुद्धीवर यायचा. १९८४ मध्ये ते मागे घेतलं, कारण काही पेशंटना जीवघेणी ॲलर्जी व्हायची, आणि दोष निघाला तो ज्यात ते विरघळवायचे त्या एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकाचा. अल्फाक्सॅलोन आजही आहे, वेगळ्या द्रावकात, कुत्र्यामांजरांना भूल द्यायला. मला यातली जी गोष्ट सगळ्यात अचाट वाटते ती अशी, की अल्फाक्सॅलोनचा एक जुळा रेणू आहे, सगळं तेच, फक्त तिसऱ्या कार्बनवरचा एकच ओएच गट खालच्या बाजूऐवजी वरच्या बाजूला, आणि तो भूल देत नाही. एवढ्याशा फरकाने असं होतं म्हणजे नुसतं चरबीत विरघळून मेंदू सुस्तावलाय असं नक्कीच नाही, कुठेतरी एक नेमकी जागा आहे जिथे हा रेणू चपखल बसतो.

आता पॅरिस. एतियेन-एमिल बोलियू. या माणसाचं जन्माचं नाव एतियेन ब्लूम, १९२६ मध्ये स्ट्रासबुर्गला जन्म, वडील डॉक्टर, ते लहानपणीच गेले. दुसऱ्या महायुद्धात १५ व्या वर्षी तो नाझींविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकार चळवळीत शिरला, आणि पकडलं जाऊ नये म्हणून नाव बदलून एमिल बोलियू झाला, ते नाव त्याने पुढे आयुष्यभर ठेवलं. जगाला तो माहीत आहे तो आरयू-४८६ म्हणजे मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या गोळीमुळे, जी आपल्याकडेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जाते. त्या गोळीमुळे त्याला शिव्याही भरपूर मिळाल्या आणि मानही. पण त्याचं जुनं प्रेम होतं डीएचईए, ॲड्रिनल ग्रंथीतून निघणारं एक स्टेरॉईड, ज्याचं सल्फेट रूप ती ग्रंथी रक्तात सोडते हे त्यानेच १९६० च्या सुमाराला दाखवलं होतं.

१९८१ चा तो पेपर मी वर्गात सावकाश, एकेक पायरी करून सांगते. पॅरिसचे बोलियू, रोबेल आणि कोर्पेशो, आणि स्टॉकहोमचे ॲक्सेलसन आणि शोवाल, अशा पाच जणांचा. त्यांनी प्रौढ नर उंदरांच्या मेंदूत डीएचईए सल्फेट मोजलं. ते मेंदूत रक्तापेक्षा कितीतरी जास्त भरलं, मेंदूच्या मागच्या भागात तर आणखी जास्त. बरं, जास्त आहे म्हणजे ते रक्तातूनच हळूहळू साठलं असेल, हा पहिला संशय कुणालाही येईल. म्हणून त्यांनी उंदरांच्या ॲड्रिनल ग्रंथी काढल्या आणि वृषणंही काढली, म्हणजे स्टेरॉईड बनवणाऱ्या ज्या ग्रंथी माहीत होत्या त्या सगळ्या गेल्या, पुरवठाच बंद. आणि १५ दिवस थांबले. तोपर्यंत जुना साठा असता तर ओसरला असता. मग परत मोजलं, तर मेंदूतलं डीएचईए सल्फेट जवळपास तेवढंच. ॲड्रिनलला चेतवणारं हार्मोन देऊन पाहिलं, ती ग्रंथी दाबून टाकणारं औषध देऊन पाहिलं, मेंदूतला आकडा म्हणावा तसा हलला नाही.

मग ते येतंय कुठून? तिथल्या तिथेच बनत असणार. आणि याच वर्षी बोलियूने न्यूरोस्टेरॉईड हा शब्द वापरला. मला यात आवडतं ते हे, की नाव ठेवलं तेव्हा मेंदूतला कारखाना कुणी पाहिलेला नव्हता, फक्त माल पाहिला होता. म्हणजे हे नाव एक दावाच होता. आणि गावावरून नाव ठेवलं की लोक विचारतात, बरं, त्या गावात घर कुठलं? तेच झालं. दोन वर्षांनी मेंदूत प्रेग्नेनोलोन सापडलं, आणि १९८७ मध्ये कोलेस्टेरॉलचं शेपूट तोडून प्रेग्नेनोलोन करणारं एन्झाइम उंदराच्या मेंदूत, पांढऱ्या भागात, दाखवलं गेलं, म्हणजे चेतातंतूंना मायलिनचं आवरण चढवणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांच्यात. त्यांना कितीतरी वर्षं लोक निव्वळ भरणीच्या, आधार देणाऱ्या पेशी समजत होते. मेंदू फक्त घेत नाही, बनवतोही, हे अशा रीतीने पाठ्यपुस्तकात शिरलं. नुसतं मेंदूतलं डीएचईए म्हटलं असतं तर हे शोधायला एवढी धडपड झाली असती का, मला शंका आहे.

इकडे अमेरिकेत वेगळ्याच टोकाने काम चाललं होतं. १९८६ मध्ये बेथेस्डाला मारिया मायेव्स्का, स्टीव्हन पॉल आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवलं की प्रोजेस्टेरोन आणि आणखी एका हार्मोनची शरीरात मोडतोड होऊन जे तुकडे उरतात, ते मेंदूतल्या गाबा रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर गाबा जिथे येऊन बसतो त्या जागेवर, बार्बिट्युरेट या झोपेच्या जुन्या औषधांसारखे काम करतात. गाबा म्हणजे मेंदूचा मुख्य ब्रेक, तो बसला की पेशीत क्लोराईड शिरतं आणि पेशी शांत होते, आणि हे स्टेरॉईड तो दरवाजा जास्त वेळ उघडा ठेवतात. सेल्येच्या झोपलेल्या उंदरांचं उत्तर ४५ वर्षांनी असं मिळालं. पण या लोकांना तो रेणू मेंदूत बनला की ॲड्रिनलमध्ये की बाटलीत, याने काही फरक पडत नव्हता, रिसेप्टरलाही पडत नाही. म्हणून १९९२ मध्ये पॉल आणि पर्डी यांनी न्यूरोॲक्टिव्ह स्टेरॉईड हे नाव मांडलं, त्यात नैसर्गिकही आले आणि कृत्रिमही. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीच्या लोकांनी आणखी एक नाव काढलं होतं, एपॅलोन, एपिॲलोप्रेग्नॅनोलोन या लांबलचक शब्दातली अक्षरं उचलून केलेलं. ते काही टिकलं नाही, आता जुन्या लेखांतच सापडतं.

ॲलोप्रेग्नॅनोलोन. हा शब्द फळ्यावर लिहिला की मुलं सुस्कारा सोडतात, पण फोडून बघा. ॲलो म्हणजे दुसरा, जुन्या रसायनशास्त्रज्ञांची ही सवय, पहिल्या दोन कड्या वेगळ्या तऱ्हेने जुळलेल्या असल्या की ॲलो लावायचं. शेवटचं ओल म्हणजे अल्कोहोल, ओन म्हणजे कीटोन. आणि मधलं प्रेग्नॅन म्हणजे सरळ सरळ प्रेग्नन्सी. कारण या घराण्यातला पहिला पदार्थ, प्रेग्नॅनडायॉल, १९२९ च्या सुमाराला गरोदर बायकांच्या लघवीतून वेगळा काढला होता, आणि त्यावरून बुटेनांट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने नाव ठेवलं. प्रोजेस्टेरोनच्या नावातही गर्भधारणा आहेच, अमेरिकेतलं प्रोजेस्टिन आणि जर्मनीतलं ल्युटिओस्टेरोन ही दोन भांडणारी नावं १९३५ मध्ये लंडनला एकत्र करून ते तडजोडीचं नाव झालं. मेंदूत काम करतो हे कळायच्या कितीतरी आधी या रेणूच्या नावात गरोदरपण लिहिलेलं होतं, आणि फिरून शेवटी तो तिथेच पोचला.

कारण गरोदरपणात प्रोजेस्टेरोनबरोबर ॲलोप्रेग्नॅनोलोनही चढत जातं, शेवटच्या महिन्यांत खूप वर असतं, आणि बाळ आणि वार बाहेर पडली की थोड्याच दिवसांत धाडकन खाली येतं. २००८ मध्ये मॅग्वायर आणि मोडी यांनी असे उंदीर घेतले ज्यांच्यात गाबा रिसेप्टरचा एक ठरावीक भाग, डेल्टा, नव्हता, म्हणजे या चढउताराशी जुळवून घ्यायची सोयच नव्हती. त्या माद्या एरवी धडधाकट, पण व्याल्यावर पिल्लांकडे बघेनात, पिल्लं मरायला लागली.

इथे मला माझ्या मावसबहिणीचं सांगायचंय, तिने सांग म्हटलंय म्हणून. तिचं बाळंतपण माहेरी झालं, आणि कशाचीही कमी नव्हती. रोजचं मालिश, शेक, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खोलीत कायम ओव्याच्या धुरीचा आणि वेखंडाचा वास. आणि ती त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. बाळ रडलं की तिला धस्स व्हायचं, उचलावंसं वाटायचं नाही, आणि वाटत नाही म्हणून स्वतःची इतकी घृणा यायची की मी नसते तर बरं झालं असतं असं मनात यायचं. मावशी म्हणायची होतं असं, पहिलटकरणीला होतंच, दूध नीट पी. मावशीने जिवाचं रान केलं होतं हो, तिला दोष कसा द्यायचा, पोटाचं आणि पाठीचं सगळं तिला माहीत होतं, मनाचं कुणी सांगितलंच नव्हतं. बहीण बरी झाली, औषधांनी आणि वेळेने, पण उशिरा. पुढे मी तिला हा चढउतार कागदावर काढून दाखवला, तर तिने पहिला प्रश्न विचारला, मग रक्त तपासून कळलं नसतं का?

चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर बहुतेक नाही असं आहे. ही घसरण सगळ्याच बाळंतिणींत होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६ बायकांना औषधं देऊन आधी गरोदरपणासारखी हार्मोन्सची पातळी आणली आणि मग अचानक काढून घेतली, खोटं बाळंतपणच म्हणा. त्यातल्या ८ जणींना आधी बाळंतपणानंतरचं नैराश्य आलेलं होतं, ८ जणींना नव्हतं. पहिल्या गटातल्या ५ जणींचं मन पुन्हा ढासळलं, दुसऱ्या गटात एकीचंही नाही. घसरण सगळ्यांना सारखीच, पण ती सोसण्याची मेंदूची तऱ्हा वेगवेगळी. १६ हा आकडा लहान आहे हे मान्य, तरी मला तो प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्यात मनाचा कमकुवतपणा, आईपणाची आवड नसणं, असल्या गोष्टींना जागाच उरत नाही.

मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत याच आजारासाठी ब्रेक्सानोलोन मंजूर झालं. ब्रेक्सानोलोन म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, ॲलोप्रेग्नॅनोलोनच, शरीरातलंच, फक्त सलाईनमधून दिलेलं. सलग ६० तास. आई दवाखान्यात, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, कारण औषधाने अचानक गुंगी येऊन शुद्ध हरपू शकते, आणि बाळ जवळ असेल तर सोबत दुसरं कुणीतरी हवंच असा नियम. खर्च ३४,००० डॉलरच्या घरात, त्यात दवाखान्याचं बिल वेगळं. कोणाला परवडणार होतं ते! मग ऑगस्ट २०२३ मध्ये झुरानोलोनची कॅप्सूल आली, १४ दिवस, रोज संध्याकाळी, आणि ती रिकाम्या पोटी नाही तर तेलातुपाच्या जेवणाबरोबर घ्यायची, कारण शेवटी ते स्टेरॉईड, त्याला अंगात शिरायला स्निग्ध लागतंच. घेतल्यावर १२ तास गाडी चालवायची नाही. दोन्ही औषधं काढणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांत स्टीव्हन पॉल आहे, तोच, ज्याने कामावरून नाव ठेवलं होतं. झुरानोलोनच्या अमेरिकन माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत न्यूरोॲक्टिव्ह स्टेरॉईड असं लिहिलंय, आणि ते रास्तच आहे, झुरानोलोन कुठल्याच मेंदूत बनत नाही, त्याला गावाचं नाव लावणार कसं.

म्हणून औषधांच्या खोक्यावर पॉलचं नाव राहील असं मला वाटतं, आणि राहू दे. पण वर्गात मी बोलियूचं नाव आधी शिकवते आणि त्याची व्याख्या पूर्ण लिहून घेते, कारण त्याने विचारलेला प्रश्न अजून संपलेला नाही. बोलियू मे २०२५ मध्ये गेला, ९८ वर्षांचा होऊन. उंदराच्या ग्रंथी काढून १५ दिवस थांबता येतं, माणसाच्या बाबतीत असा प्रयोग करणारच कोण. त्यामुळे माणसाच्या मेंदूत कोणती पेशी किती स्टेरॉईड बनवते, आणि ती उंदरात सापडलेलंच एन्झाइम वापरते की दुसरं एखादं, यावर शास्त्रज्ञांचे वाद आजही चालू आहेत.